मदत हवी आहे : ट्रॅकर नसताना साध्या ट्रायपॉडवरून कृत्तिकेचे छायाचित्र

नमस्कार. मी सोलापुरात राहतो आणि शाळेतील मुलांना आकाशदर्शन घडवतो. येत्या कार्तिक अमावास्येच्या सुमारास कृत्तिका या तारकागुच्छाचे असे छायाचित्र काढावे अशी मनापासून इच्छा आहे, की नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सहा-सात ताऱ्यांपलीकडचे मंद तारेही मुलांना त्यात स्वतः मोजता यावेत. त्याभोवतीचा निळसर तेजोमेघ यावा असा माझा आग्रह नाही. तारे बिंदूसारखे उमटले तरी पुरे. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकेच्याच परिसरात असतो, त्यामुळे अमावास्येपर्यंत थांबणे भागच आहे.

माझ्याकडे कॅनन १२००डी, ५० मिमी एफ/१.८ लेन्स, ५५-२५० मिमी झूम आणि साधा ट्रायपॉड आहे. ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारे यंत्र, घेणे सध्या शक्य नाही.

खरी अडचण एक्स्पोजरच्या वेळेची आहे. प्रचलित ५०० च्या नियमाने (५०० ला लेन्सच्या मिमीने भागले की सेकंद मिळतात) ५० मिमीसाठी, क्रॉप म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा १.६ हा गुणक धरून, सव्वासहा सेकंद मिळतात. पण तेवढ्या वेळाचे चित्र मोठे करून पाहिले की प्रत्येक ताऱ्याची बारीक रेघ झालेली दिसते. हिशेबही तेच सांगतो. या सेन्सरचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा आहे, म्हणजे ५० मिमीवर एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या सुमारे १८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मावतात, आणि कृत्तिका सेकंदाला जवळजवळ १४ विकला सरकते. सव्वासहा सेकंदांत तारा पाच पिक्सेल पुढे जातो, दोन सेकंदांत दीड. म्हणून दोन-दोन सेकंदांची २०० चित्रे रॉ या प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात घेऊन ती डीपस्कायस्टॅकर या संगणक प्रोग्रॅममध्ये एकत्र करावीत, असे ठरवले आहे. मात्र कृत्तिकेचा विस्तार जेमतेम दोन अंशांचा, आणि ५० मिमीची चौकट २५ अंश रुंद. २५० मिमीवर गुच्छ पाचपट मोठा दिसेल, पण तेथे वेळ ०.४ सेकंदावर येतो आणि छिद्रही एफ/५.६ पेक्षा उघडत नाही. इतक्या तोकड्या चित्रांत मंद तारे सेन्सरच्या गोंगाटातून वर येतील का, की ५० मिमीवरच राहून नंतर चित्र कापणे श्रेयस्कर? झूम १००-१३५ मिमीवर ठेवून कोणी मध्यम मार्ग काढला असेल, तर त्याविषयी विशेष उत्सुकता आहे.

दुसरा प्रश्न आपल्या अक्षांशामुळे उद्भवतो. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला आणि कृत्तिकेची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तरेकडील अंतर) २४ अंश, त्यामुळे आकाशात सर्वांत उंच असताना ती जवळपास डोक्यावरच येते. माझ्या ट्रायपॉडचा दांडा तेव्हा पायाला अडतो, कॅमेऱ्याचा पडदा वळत नाही आणि फोकस तपासायला अक्षरशः जमिनीवर आडवे व्हावे लागते. त्याऐवजी रात्री साडेआठ-नऊला, ती पूर्वेला ४५ अंशांच्या आसपास असतानाच चित्रे घ्यावीत असा विचार आहे. नान्नजच्या बाजूला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, परिचितांच्या शेतात जागा मिळते. तेथून शहराचा उजेड दक्षिणेला राहतो आणि पूर्व बऱ्यापैकी काळोखी असते. क्षितिजापासून एवढ्याच उंचीवर असताना हवेच्या जास्तीच्या थरामुळे मंद ताऱ्यांचे फार नुकसान होते का? (उन्हाळ्यात दक्षिणेकडे दिसणारा, वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ हा तारकागुच्छ टिपायचा झाला, तर हीच जागा गैरसोयीची ठरेल, कारण तेव्हा सोलापूरचा उजेड नेमका समोर येईल, त्यासाठी शहराच्या दक्षिणेला मंद्रूपच्या बाजूला जाणेच बरे.)

फोकस रोहिणीवर, लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठे करून लावतो. त्याबाबत अडचण नाही. ५० मिमी लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर कडेचे तारे पंख फुटल्यासारखे दिसतात, पण गुच्छ मध्यभागीच असल्यामुळे एफ/२.२ चालेल, की एफ/२.८ पर्यंत यावे? आयएसओ १६०० ठेवावा की ३२००? आणि गुच्छ मधोमध असताना, डार्क फ्रेम्सच्या (सेन्सरचा गोंगाट वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेल्या चित्रांच्या) जोडीला फ्लॅट फ्रेम्सही (कडांचा अंधुकपणा व धुळीचे डाग काढण्यासाठी एकसारख्या उजेडाची घेतलेली चित्रे) खरोखर आवश्यक आहेत का? याच प्रकारच्या जुन्या कॅमेऱ्यावर ज्यांनी काम केले आहे, त्यांनी आपल्या सेटिंगसह एखादे मूळ, न कापलेले चित्र दाखवल्यास फार उपयोग होईल.