हाँटेड मॅन्शनमधील गाड्या वळतात कशा?

प्रश्न : कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शन या भुताटकीच्या वाड्याच्या राइडमध्ये शिंपल्याच्या आकाराच्या काळ्या गाड्या नेमक्या त्या-त्या दृश्याकडेच तोंड कशा करतात? ही रचना मुळात भुताटकीसाठीच केली होती का?

प्रतिसाद १ : नाही. ‘ऑम्निमूव्हर’ नावाची ही पद्धत तेथे १९६७ साली अणूच्या अंतरंगाची सैर घडवणाऱ्या राइडमध्ये प्रथम वापरली गेली आणि १९६९ मध्ये हाँटेड मॅन्शनमध्ये आली. तिच्या घडणीत डिस्नेचे रचनाकार बॉब गर यांचा मोठा वाटा होता. मुख्य रुळासोबत धावणाऱ्या दोन नियंत्रक पट्ट्यांपैकी एक गाडीला वळवते आणि दुसरी तिला मागेपुढे कलवते.

प्रतिसाद २ : मला मात्र गाडीची उंच, गोलाकार पाठ ही खरी करामत वाटते, कारण बाजूचे आणि मागचे काहीच दिसू न देता ती प्रवाशाची नजर कॅमेऱ्याच्या चौकटीसारखी बांधून ठेवते आणि सजावटीमागची यंत्रे झाकली जातात. गाड्यांची साखळी अखंड चालत असल्याने रांगही भराभर पुढे सरकते.

प्रतिसाद १ : सहमत. परंतु एखाद्या प्रवाशाला चढण्या-उतरण्यास अधिक वेळ लागला, तर संपूर्ण साखळीच मंद करावी किंवा थांबवावी लागते.