कोरियातला गे तरुण: आधी घरी सांगावं की आधी कागद करावेत?

उंबरझाड

दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात अशा कोरियन मालिका आता मराठी घरांतही फोनवर बघितल्या जातात. त्यावरून ‘तिकडे आता सगळं चालतं’ असा एक समज पसरलाय. सगळं चालत नाही, आणि बंदीही नाही. दक्षिण कोरियात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, आपल्याकडच्या जुन्या ३७७सारखं कलम नागरिकांसाठी कधी नव्हतंच. शिक्षा नाही, तशी अशा नात्याची नोंदही नाही. दहा वर्षं एका छताखाली राहिलेला जोडीदार रहिवासी नोंदीत ‘सहनिवासी’ म्हणून लागतो. खोली वाटून घेणारा मित्रही तसाच लागतो.

म्हणून माझं मत असं: पंचविशीतल्या मुलानं घरी सांगायची घाई करू नये, आधी कागद करावेत. आईचा राग निवळायला वर्षं लागतात, आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी तेवढा वेळ नसतो.

मृत्युपत्र हाताने लिहिलेलं चालतं, साक्षीदार लागत नाहीत. मात्र पूर्ण मजकूर, तारीख, पत्ता आणि नाव हे सगळं स्वतःच्या अक्षरात हवं, शिवाय शिक्का किंवा अंगठा हवा. टाइप केलेलं बाद. नुसती सही केली तर बाद. पत्ता राहिला तरीही बाद, आणि मृत्युपत्रात पत्ता लिहायचं सहसा डोक्यात येत नाही. नोटरीकडे करायचं तर दोन साक्षीदार लागतात. ज्याला मिळकत मिळणार तो त्यात चालत नाही.

घर. तिकडे ‘जॉनसे’ पद्धत आहे: महिन्याचं भाडं नाही, पण एकरकमी भलीमोठी अनामत. करार एकाच्या नावावर आणि निम्मे पैसे दुसऱ्याचे, इथे घात होतो. नाववाला गेला की अनामत त्याच्या आईवडिलांची. त्यामुळे करारात दोघांची नावं घाला, आपापला वाटा आपापल्या खात्यातून घरमालकाला पाठवा, आणि राहायला आल्याची नोंद व करारावरचा तारखेचा शिक्का हे दोन्ही एकाच दिवशी उरका. घर विकलं गेलं तरी टिकणारा भाडेकरूचा हक्क नोंदीच्या दुसऱ्या दिवशीच्या शून्य तासापासून सुरू होतो.

कृत्रिम श्वासावर ठेवायचं की नाही, याचं इच्छापत्र १९ वर्षांवरचा कुणीही अधिकृत केंद्रात स्वतः जाऊन करू शकतो. ते केलं नसेल आणि रुग्णाची इच्छा कळत नसेल तर कुटुंबातल्या सगळ्यांचं एकमत लागतं. त्या ‘कुटुंबा’त जोडीदार नाही.

हे सगळं आईला न सांगता होतं.

सांडगी मिरची

असहमत. धागाकर्त्यांनी दिलेले कागद खरे आहेत, पण ते आईला टाळून होतात हे अर्धसत्य आहे.

अविवाहित, निपुत्रिक माणूस गेला की वारस आईवडील. मृत्युपत्रात सगळं जोडीदाराला दिलं तरी आईवडिलांना त्यांच्या कायदेशीर वाट्याच्या एक तृतीयांशावर राखीव हक्क सांगता येतो. कळल्यापासून एक वर्षाची मुदत, मृत्यूनंतर कमाल दहा वर्षं. भावंडांचा असाच हक्क घटना न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केला, आईवडिलांचा शाबूत आहे. म्हणजे ज्या आईला काही सांगितलं नाही, तिला मुलाचं प्रेम पहिल्यांदा कळणार ते दाव्याच्या कागदातून. काय मिळवलंत?

दत्तकाचंही तेच. लग्न करता येत नाही म्हणून जोडीदारालाच दत्तक घ्यावं, ही वाट तिकडे बोलली जाते. घेणारा एक दिवसाने जरी मोठा असला तरी चालतं. पण सज्ञान माणसाला दत्तक घेतानाही त्याच्या आईवडिलांची संमती लागते. शिवाय पुढे लग्नाचा कायदा आलाच, तर बाप-लेक म्हणून नोंदलेल्या दोघांनी करायचं काय?

ज्या वाटेने जाल ती आईच्या स्वयंपाकघरातूनच जाते. मग आधी तिथेच बसा.

उंबरझाड

@सांडगी मिरची, दत्तकाचा मुद्दा मान्य, तो सल्ला मी दिलाच नव्हता. राखीव हिस्सा एक तृतीयांश आहे, म्हणजे दोन तृतीयांश वाचतो. मृत्युपत्र नसेल तर शून्य.

रात्रपाळी

तुम्ही दोघे पंचविशीतल्या माणसाबद्दल बोलताय. विशीतल्या कोरियन मुलापुढे आधी सक्तीची फौज उभी असते. सेवेची योग्यता ठरवणारी तपासणी १९व्या वर्षी, मग भूदलात १८ महिने. नागरिकाला कलम नाही हे बरोबर, सैनिकाला आहे: लष्करी फौजदारी कायद्याचं ९२-६, दोन वर्षांपर्यंत कैद. परस्पर संमती असली तरी ते लागू व्हायचं. २०१७ मध्ये लष्करी तपासाने डेटिंग अ‍ॅपवरूनच माणसं हुडकली होती आणि एका कॅप्टनला शिक्षा झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामाच्या वेळेबाहेर, खाजगी जागेत, संमतीने घडलेल्याला हे कलम लावता येणार नाही. कलम मात्र पुस्तकात तसंच आहे. घटना न्यायालयाने ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी पुन्हा उचलून धरलं. (त्याच्या नऊच दिवस आधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा चेंडू संसदेकडे टोलवला होता. ऑक्टोबर महिनाच वाईट.)

बराकीची गोष्ट वेगळी. ती खाजगी जागा धरली जाईल या भरवशावर कुणी राहू नये. संरक्षण खात्याच्या नियमावलीत समलिंगी सैनिकाला हुडकू नये, त्याची ओळख फोडू नये असं लिहिलंय. चांगलं आहे. पण मन मोकळं करायला वरिष्ठाकडे गेलेल्याची गोष्ट अहवालात उतरते, अहवाल तीन टेबलांवरून फिरतो आणि मुलावर ‘लक्ष ठेवायचा सैनिक’ असा शिक्का बसतो. पुढची पायरी म्हणजे घरी फोन. आई असो वा कागद, दोन्ही या १८ महिन्यांनंतर. तोवर फोनमधून अ‍ॅप काढून टाकणं, नुसतं लपवणं नव्हे, हा एकच सल्ला.

शब्दवेल्हाळ

शीर्षकात प्रेम नाही आणि चर्चेतही अजून कुणी काढलेलं नाही, म्हणून थोडं भाषेतून.

कोरियन गे बोलीत स्वतःला ‘इबान’ म्हणतात. ‘इल्बान’ म्हणजे सर्वसाधारण. त्यातल्या ‘इल’चा ध्वनी एकाचाही, म्हणून गमतीने ‘इ’ म्हणजे दोन. आपण दोन नंबरवाले! आवडीच्या ठेवणीच्या पुरुषाला ‘शिक’ म्हणतात, आणि हा शब्द जेवणातल्या आवडीनिवडीवरून आलाय. अ‍ॅपवर ओळख तीन आकड्यांत: उंची, वजन, वय. १७५/७०/२८. त्यापुढे बऱ्याचदा ‘इल्तिक’ हवा असं लिहिलेलं, म्हणजे वागण्याबोलण्यात सर्वसाधारण पुरुषासारखा. नखरेल नको. जो समाज स्वीकारत नाही त्याचीच चाळणी प्रेम शोधताना हातात धरलेली, हे मला खुपतं.

सोलमध्ये भेटायच्या जागा दोन. जोंगनो ३-गा स्टेशनाभोवती, नाग्वॉन वाद्यबाजाराच्या मागच्या गल्ल्यांत लहान बार आणि रस्त्यावरचे तंबू. इथे वयस्कही येतात, बसून बोलता येतं. इतेवॉनची टेकडी क्लबांची, तरुणांची, मध्यरात्रीनंतरची. नवख्याने जोंगनोपासून सुरुवात करावी असं मी म्हणेन, कारण नाच-गोंगाटात ओळख होते, ओळख वाढत नाही. ‘छिंगुसाई’ ही पुरुषांची संघटना १९९४ पासून आहे, तिचा गायनमेळाही आहे. सुराला सूर लावत दर आठवड्याला तेच चेहरे दिसणं हे अ‍ॅपवरच्या तीन आकड्यांपेक्षा केव्हाही बरं.

आणि ‘ह्यॉन्ग’. वयाने लहान पुरुष मोठ्या प्रियकराला हीच हाक मारतो, सख्ख्या दादालाही हीच. ‘कुणाबरोबर गेला होतास?’ ‘ओळखीच्या एका ह्यॉन्गबरोबर.’ उत्तर खरं आणि लपवाछपवीही पूर्ण. इतका सोयीचा शब्द हाताशी असल्यामुळेच खरं सांगायची वेळ पुढे ढकलली जाते, असं मला वाटतं.

बारा बलुती

मुलांनी सांगावं, सांगावं म्हणणाऱ्यांना तिकडचा पाचवा हिस्सा समाज प्रोटेस्टंट आहे हे ठाऊक आहे का? भेदभावविरोधी कायद्याचा मसुदा २००७ मध्ये निघाला, चर्चवाल्यांचा विरोध झाला आणि लैंगिक कल त्यातून वगळला गेला. मग कायदाच झाला नाही. २०१९ मध्ये इंचन शहरातल्या क्विअर (समलिंगी वगैरे लोकांच्या) उत्सवात आशीर्वाद दिला म्हणून मेथडिस्ट पाद्री ली दोंग-ह्वान दोन वर्षं निलंबित झाले. ही पाद्र्याची गत, तर मंडळीतल्या पोराची काय? आईला सांगणं म्हणजे तिच्या प्रार्थनागटाला सांगणं.

त्यापेक्षा शांतपणे जगण्यात काय वाईट? एखाद्या समलिंगी मुलीशी ठरवून लग्न करावं. छुसॉक आणि सॉल्लाल या दोन सणांना जोडीने घरी जावं, पितरांच्या विधीला उभं राहावं, बाकीचे ३६० दिवस आपले. आईबाप सुखी, ऑफिस गप्प. आपल्याकडेही हे होतं, उगाच नाकं मुरडू नका.

सांडगी मिरची

@बारा बलुती, तुमच्या शांततेचा हिशोब मांडू या. ठरवलेलं लग्न कायद्याने खरं लग्न असतं. नवरा गेला की ती बाई आईवडिलांबरोबर वारस, आणि तिचा राखीव हक्क तिच्या वाट्याच्या निम्म्यावर, म्हणजे आईवडिलांपेक्षा मोठा. ज्याच्यावर प्रेम होतं तो आता रांगेत आणखी मागे. परस्पर संमतीने वेगळं व्हायचं तरी न्यायालयात जाऊन एक महिना थांबावं लागतं, मूल असेल तर तीन महिने. आणि मुलाचा प्रश्न येतोच. लग्नाला दोन वर्षं झाली की सणाच्या ताटावर विषय बदलतो, संपत नाही.

बारा बलुती

वारसाचं लक्षात आलं नव्हतं. पण प्रार्थनागटाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

तिसरी घंटा

ते देतो, आणि धागाकर्त्यांनाही थोडं.

‘गुपचूप कागद करा’ याची परीक्षा एकदा झालेली आहे. सो सॉन्ग-उक आणि किम योंग-मिन या दोन पुरुषांनी २०१९ मध्ये लग्नाचा समारंभ केला. फेब्रुवारी २०२० मध्ये राष्ट्रीय आरोग्य विमा मंडळाने सो यांना किम यांच्या विम्यावर आश्रित म्हणून घेतलं. ऑक्टोबरमध्ये ही बातमी छापून आली आणि मंडळाने ‘चूक झाली’ म्हणत नाव काढलं. उजेडात येईपर्यंतच टिकणारा कागद हा तो! नंतर दोघे स्वतःच्या नावाने, चेहऱ्याने न्यायालयात गेले. जानेवारी २०२२ मध्ये हरले, फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले आणि १८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या १३ पैकी ९ न्यायाधीशांनी हा भेदभाव असल्याचं म्हटलं. आज इतर जोडपी आश्रित म्हणून नाव लावतात ती त्यामुळे.

फायदा किती, तेही बघा. आश्रिताचं वार्षिक उत्पन्न २ कोटी वॉनच्या आत लागतं. दोघेही पगारदार असतील तर हातात काहीच नाही. लग्नाचा हक्क यातून आला नाही. त्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये ११ जोडप्यांनी वेगळे दावे घातले.

दुसरी बाजू लपवणार नाही. होंग सॉक-चॉन या नटाने २००० मध्ये उघड सांगितलं आणि कामं गेली. इतेवॉनमध्ये खाणावळी चालवून तो उभा राहिला. आणि मे २०२० मध्ये इतेवॉनच्या क्लबांतून कोविड पसरला, तेव्हा एका वृत्तपत्राने ‘गे क्लब’ असा मथळा दिला. तपासणीला गेलं तर ऑफिसात कळेल म्हणून लोक लपले. नाव न विचारता तपासणी सुरू केल्यावर माणसं आली. म्हणून मी २५ वर्षांच्या पोराला ‘उघड हो’ म्हणत नाही.

आता @बारा बलुती, तुमचा प्रार्थनागट. सोलमध्ये अशा मुलांच्या पालकांचा एक गट आहे, महिन्याला बैठक घेतो. बैठकीला मुलगा बरोबर लागत नाही. सांगायचंच ठरलं असेल तर मुलाने त्या बैठकीची तारीख आधी बघून ठेवावी आणि आईला सांगणं त्याच आठवड्यात करावं. सणाच्या दिवशी तर मुळीच नाही: काका-मामा घरात असतात, आईला रडायलाही जागा नसते आणि ती मग पहिल्यांदा प्रार्थनागटालाच फोन करते. दुसरी आई भेटली तर तिला फोन करायला निदान एक वेगळा नंबर मिळतो.

उंबरझाड

@तिसरी घंटा, विम्याची हकिगत मला ठाऊक होती, पण ‘उजेडात येईपर्यंतच टिकणारा कागद’ हे मला उत्तर देता येत नाही. तरी मृत्युपत्र आणि जॉनसेचा करार उजेडात आल्यावरही टिकतात, म्हणून तेवढे दोन मी ‘आधी’मध्येच ठेवतो. विमा ‘नंतर’मध्ये हलवला. तिथे दोघे एकत्र राहतात असं ओळखीच्या माणसांचं सहीचं हमीपत्रही लागतं, म्हणजे कुणाला तरी सांगितलेलं असावंच लागतं.

रात्रपाळी

हमीपत्रावर मित्रांच्या सह्या चालतात. आईचीच हवी असं नाही.

सांडगी मिरची

चालतात हो. पण आईची मिळाली तर राखीव हिश्श्याचा दावा कोण लावणार?