इम्प्लांट हातात निघून आला आणि डोक्यात पीएचडीचा किडा शिरला, जाणकारांनी सांगा

अर्ध्यावरची_सर्जन:
नमस्कार मंडळी. ओरल सर्जरीच्या पीजीचं शेवटचं वर्ष. परीक्षा तोंडावर आलीये आणि मी इथे हे टाइप करत बसलेय, म्हणजे काय ते समजून घ्या.

झालं असं की मी स्वतः टाकलेला एक इम्प्लांट (दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू), सर शेजारी उभे होते, खालची पहिली दाढ, टॉर्क (बसवताना पिळायला लागलेला जोर) ३५ च्या वर, एक्सरे स्वच्छ, पेशंट सिगरेट ओढत नाही, शुगर नॉर्मल, सगळं पुस्तकातल्यासारखं. चौथ्या महिन्यात हीलिंग कॅप (इम्प्लांटवरचं तात्पुरतं झाकण) काढायला गेले तर कॅपबरोबर खालचा इम्प्लांटच फिरायला लागला. पू नाही, सूज नाही, पेशंटला दुखतही नव्हतं. दोन बोटांनी उलटा फिरवला आणि आला की बाहेर, थ्रेड्सना हाडाचा कण नाही, नुसता पांढरट मऊ पापुद्रा. सरांना विचारलं का झालं असेल, तर म्हणाले होतं असं कधीकधी, तीन महिन्यांनी परत टाकू.

ते 'होतं असं कधीकधी' काही डोक्यातून जाईना. तेव्हापासून वाटतंय की पीएचडी करावी, हाड कसं धरतं आणि का धरत नाही यावर. बॅचमधले सगळे म्हणतात वेडी आहेस का, इतकी वर्षं ड्रिल धरायला शिकलीस आणि आता पिपेट धरणार? प्रश्न असे की आत्ताच जाऊ की आधी चार वर्षं प्रॅक्टिस करू, मधल्या काळात हाताची सवय मोडली तर काय, आणि इम्प्लांटच्या सरफेसवर काम करू की सरळ स्टेम सेलकडे (वेगवेगळ्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) वळू, कारण जो तो म्हणतो पुढचा जमाना त्याचाच आहे.

हाडवैद्य_पण_डिग्रीवाला:
ताई, मी याच रस्त्याने गेलोय म्हणून लिहितो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे पिपेट वगैरे नंतर. माझं पीएचडीचं पहिलं वर्ष पॉलिश पेपरवर गेलं. इम्प्लांटसकट हाडाचा तुकडा साध्या मायक्रोटोमवर (पातळ काप काढायचं यंत्र) कापता येत नाही, टायटॅनियमवर पातं मोडतं, आणि हाड अ‍ॅसिडने मऊ करायला गेलात तर जे बघायचंय तेच जातं. म्हणून तुकडा आधी अल्कोहोलमधून काढायचा, मग रेझिनमध्ये मुरवायचा, यात आठवडेच्या आठवडे जातात, मग डायमंड सॉने जाडसर काप घ्यायचा आणि तो घासत घासत केसाच्या जाडीच्याही खाली आणायचा. दर दोन मिनिटांनी काढून भिंगाखाली बघायचं. माझा तिसरा सँपल मी शेवटच्या मिनिटाला जरा जास्त दाबला आणि इम्प्लांट स्लाइडवरून उखडून पाण्यात पडला. एक प्राणी आणि तीन महिने, दोन्ही फुकट. त्या दिवशी जेवलो नाही. पण टोल्युइडिन ब्लूने रंगवलेला पहिला नीट जमलेला काप बघितला, थ्रेडच्या कडेला चिकटून बसलेलं नवं हाड, आत पेशींचे ठिपके, तेव्हा जे वाटलं ते ओटीत कधी वाटलं नव्हतं. तुम्हाला असं काही वाटणार की नाही हे आधी तपासा, कारण रोजचं काम हेच आहे.

दुसरं, तुमचा प्रश्न 'का निघाला' हा आहे आणि तो चांगला आहे, त्याला लहान समजू नका. आजच्या इम्प्लांटचा जनक, स्वीडनचा ब्रोनेमार्क, तो तरी कुठे इम्प्लांट शोधायला निघाला होता? १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचा बारीक चेंबर बसवून मज्जेतला रक्तप्रवाह बघत होता, काम झाल्यावर चेंबर काढायला गेला तर निघेना. तुमचा निघाला म्हणून प्रश्न पडला, त्याला निघेना म्हणून पडला, एवढाच फरक :) पण पुढचं गणितही बघा. पहिला पेशंट, योस्टा लार्सन, १९६५ साली, आणि बाकीच्या जगाने मनावर घेतलं ते १९८२ च्या टोरांटो कॉन्फरन्सनंतर. लार्सन २००६ मध्ये वारला तोवर ते इम्प्लांट तोंडात होतेच.

हाताचं म्हणाल तर सवय मोडते, खोटं कशाला सांगू. जॉइन होताना आठवड्यात दीड-दोन दिवस ओटी मिळेल असं लेखी घ्या. तोंडी 'बघू, जमवू' म्हणतात त्याचा अर्थ नाही असा होतो. माझं तसंच झालं, गाइडने शब्द दिला आणि दुसऱ्या वर्षी म्हणाले आता डेटा महत्त्वाचा. परत आलो तेव्हा साधा फ्लॅप (हाडावरची हिरडी) उचलताना हात चाचपडत होता, पूर्ववत व्हायला वर्ष गेलं.

टायटॅनियमवाला:
मी डॉक्टर नाही, मटेरियल्स इंजिनिअर, इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीत. तिसरा रस्ता कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय, पीएचडी म्हणजे कॉलेजच असं नाही. आमच्याकडे सरफेसचं काम रोज चालतं, सँडब्लास्ट करा, अ‍ॅसिडने खरवडा (एच करा), खरखरीतपणा एक-दोन मायक्रॉनच्या आसपास ठेवा, कारण गुळगुळीत ठेवलं तर हाड हळू धरतं आणि फार खडबडीत केलं तर उद्या हिरडी खाली सरकल्यावर जंतूंना घर मिळतं. मग फटीग टेस्ट (पुन्हापुन्हा दाबून मोडतो का बघायचं), आयएसओ १४८०१ या मानकाप्रमाणे इम्प्लांट ३० अंशात तिरका धरायचा, हाड ३ मिलिमीटर झिजलंय असं समजून तेवढा उघडा ठेवायचा आणि दाबत राहायचं, हवेत ५० लाख वेळा. यात डेंटिस्ट कुठे लागतो? प्रत्येक मीटिंगमध्ये लागतो. आम्ही सुंदर आकार काढतो आणि आमची डेंटिस्ट येऊन म्हणते हे मागच्या दाढेला नेणार कसं, तोंड तेवढं उघडत नाही. शिवाय क्लिनिकल ट्रायलची आखणी आणि मंजुरीची कागदपत्रं या दोन्ही जागांवर सर्जरी कळणारी माणसं कायम कमी.

तोटा हा की निकाल वाईट आला तर पेपर निघेलच असं नाही. काहींना ते टोचतं, मलाही टोचतं.

संशयात्मा:
स्टेम सेलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, शिव्या द्या हवं तर.

'पुढचा जमाना' हे मी विद्यार्थी होतो तेव्हापासून ऐकतोय. २०१४ मध्ये जपानहून बातमी आली, साधी पेशी अ‍ॅसिडमध्ये ठेवली की स्टेम सेल होते, नेचरमध्ये पेपर, जगभर टाळ्या, आणि त्याच वर्षी पेपर मागे घेतले. त्याआधी माक्कियारिनी नावाचा इटालियन सर्जन, प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर पेशंटच्याच स्टेम सेल पेरून बसवत होता, स्वीडनमध्ये तिघांना बसवली, तिघेही गेले, २०२३ मध्ये अपील कोर्टाने अडीच वर्षं दिली. तक्रार कोणी केली? त्याच हॉस्पिटलच्या चार डॉक्टरांनी, आणि आधी त्रास त्यांनाच झाला. ताई, रिसर्च करिअरमध्ये हेही येतं, गाइड चुकत असेल तर सांगायची वेळ.

आणि जे खरं आहे ते किती हळू चालतं बघा. युरिस्ट या अमेरिकन सर्जनने हाडातच हाड बनवायचा सिग्नल असतो हे दाखवलं १९६५ साली. त्यातून बीएमपी (हाड बनवायचा सिग्नल देणारी प्रोटीनं), आणि बीएमपी-२ ला अमेरिकेत मणक्यासाठी मंजुरी मिळाली २००२ मध्ये, जबड्याला २००७ मध्ये. २००८ मध्ये मानेच्या मणक्यात वापरू नका, सूज येऊन श्वास अडकतो, अशी सूचना काढावी लागली. पीआरएफवर (पेशंटच्याच रक्तातून काढलेली गुठळी) तर बोलूच नका, रक्त काढा, फिरवा, गुठळी भरा, सोप्पं म्हणून पेपरांचा पाऊस, पण प्रत्येकाचा सेंट्रिफ्यूज वेगळा, स्पीड वेगळा, मग तुलना कशाची करायची.

हाडवैद्य_पण_डिग्रीवाला:
@संशयात्मा, बरोबर आहे पण जरा कडू झालं. क्योटोत २०२४ मध्ये दात उगवण्याच्या औषधाची माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली ना, तो अँटिबॉडी ज्या यूसॅग-१ प्रोटीनला धरतो ते प्रोटीन तुमच्या त्याच बीएमपीला अडवतं. त्या चाचणीत फक्त सेफ्टी बघायची होती, पण धागा युरिस्टपासूनचाच आहे.

मागच्या_बाकावरून:
हात स्लो आहे म्हणून कोणी घाबरू नका. जपानचे शास्त्रज्ञ यामानाका आधी ऑर्थोपेडिक सर्जन व्हायला निघाले होते, इतरांना वीस मिनिटं लागायची तिथे यांना दोन तास, सीनियर त्यांना 'जामानाका' म्हणायचे, म्हणजे अडथळा. मग लॅबमध्ये गेले, २००६ मध्ये आयपीएस सेल (साध्या पेशीपासून बनवलेली स्टेम सेल), २०१२ मध्ये नोबेल. मी पण स्लो आहे, नोबेलची वाट बघतोय.

अर्ध्यावरची_सर्जन:
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पॉलिश पेपरवाला किस्सा वाचून पोटात गोळा आला पण खरं सांगू का, मला तो काप बघायचाय. एका लॅबने दोन आठवडे येऊन नुसतं बघ म्हटलंय, परीक्षेनंतर जाईन.

एक राहिलं. टॉर्क चांगला होता तरी हाड का नाही धरलं, याचं उत्तर खरंच कोणाकडे नाहीये का?

हाडवैद्य_पण_डिग्रीवाला:
अर्धं आहे. टॉर्क फक्त पहिल्या दिवसाची पकड सांगतो, जुन्या हाडाची. ते जुनं हाड शरीर खातं आणि नवं भरतं, त्या अदलाबदलीत साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड कमी होते. तेव्हा इम्प्लांट आत हलत राहिला तर हाडाऐवजी तो पांढरा पापुद्रा तयार होतो. किंवा ड्रिल तापलं असेल, १९८३ च्या सशांवरच्या कामात ४७ अंश एक मिनिटभर मिळालं तरी हाडाला इजा झालेली दिसली. तुमच्या केसमध्ये यातलं काय, ते बघितल्याशिवाय कोण सांगणार. तो इम्प्लांट टाकून दिलात का?

अर्ध्यावरची_सर्जन:
नाही :) पापुद्र्यासकट फॉर्मलिनच्या बाटलीत आहे, माझ्या लॉकरमध्ये. सरांना माहीत नाही.

टायटॅनियमवाला:
अरे वा! फॉर्मलिनमुळे सरफेसच्या केमिस्ट्रीत आता अर्थ नाही राहिला, पण पापुद्र्याची हिस्टॉलॉजी (काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) होईल आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली थ्रेडही बघता येतील. घासू नका, धुऊ तर अजिबात नका.

संशयात्मा:
आणि त्याआधी पेशंटची लेखी संमती आणि एथिक्स कमिटी. सरांनाही आजच सांगा. लॉकरमधल्या बाटलीवर पेपर होत नाही.

अर्ध्यावरची_सर्जन:
हो, ते खरंच सुचलं नव्हतं. पेशंट मंगळवारी तपासायला येणार आहेत, सरांशी उद्या बोलते आणि मग त्यांना विचारते.