न्यू जर्सीत चालतं ते डॅलसला चालत नाही: गांजाचे कायदे, औषध आणि ग्रीन कार्ड

प्रेषक: कार्यकारिणी, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

होळीचा कार्यक्रम जवळ आला की समितीकडे तेच ते प्रश्न येतात. यंदा ते मंडळाच्या ईमेल यादीवरच टाकते, म्हणजे जाणकारांची उत्तरं सगळ्यांना वाचता येतील. इथे कायद्याने किती गांजा जवळ ठेवता येतो? दुकानातून रीतसर घेतलेल्या गमीज (गांजाचा अर्क घातलेल्या गोळ्या) बॅगेत घालून मुलं टेक्ससला किंवा भारतात गेली तर काय? आणि ग्रीन कार्डावर असलेल्या, केमो चालू असलेल्या आईवडिलांनी मेडिकल कार्ड (गांजा औषध म्हणून घेण्याचा राज्याचा परवाना) काढावं का?

---

प्रेषक: एडिसनहून

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला न्यू जर्सीत ६ औंसांपर्यंत, म्हणजे साधारण १७० ग्रॅम, जवळ बाळगता येतो. कायद्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये सही झाली आणि २१ एप्रिल २०२२ पासून दुकानं उघडली. एका खरेदीत मात्र १ औंसच मिळतो.

लोक चुकतात ते रोपाच्या बाबतीत. बाल्कनीत एक रोप लावलं तरी तो थर्ड डिग्री गुन्हा आहे, ३ ते ५ वर्षांच्या कैदेचा. हडसन ओलांडून न्यू यॉर्कला गेलात की गणित उलटतं: जवळ ३ औंस आणि अर्क २४ ग्रॅम एवढीच मर्यादा, पण घरी माणशी ३ मोठी आणि ३ लहान रोपं चालतात. तिकडचं वाचून इकडे बी पेरणारे याच गोंधळात सापडतात.

डेलावेअर नदीच्या पलीकडे पेनसिल्व्हेनियात तर फक्त मेडिकल कार्ड. कार्ड नसेल तर ३० ग्रॅमपर्यंत ३० दिवस कैद आणि ५०० डॉलर दंड. तिथे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात गांजाचा अंश सापडला तरी डीयूआय, म्हणजे नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा, लागतो, चालवताना नशा होती की नाही हे सिद्ध करावं लागत नाही. मेडिकल कार्डही त्यातून सोडवत नाही. रॉबिन्सव्हिलहून फिलाडेल्फियाला रोज जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

---

प्रेषक: डॅलसहून, फौजदारी वकिली

गमीजबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण टेक्ससमधली सगळ्यात घातक गैरसमजूत हीच आहे.

फुलाच्या, म्हणजे साध्या गांजाच्या, बाबतीत शिक्षा वजनाच्या पायऱ्यांनी चढते. २ औंसांपर्यंत क्लास बी मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा): १८० दिवसांपर्यंत कैद, २,००० डॉलरपर्यंत दंड. ४ औंसांपर्यंत क्लास ए: वर्षभर कैद, ४,००० डॉलर. त्यापुढे फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. पण गमीज, व्हेप कार्ट्रिज, तेल यांतला टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, कायद्याच्या वेगळ्या गटात येतो, 'पेनल्टी ग्रुप २' मध्ये. तिथे १ ग्रॅमच्या आतसुद्धा फेलनी आहे, मिसडिमीनरची पायरीच नाही. शिवाय वजन फक्त टीएचसीचं धरत नाहीत. साखर, जिलेटिन, चॉकलेट, ज्यात तो मिसळलाय ते सगळं तराजूत जातं.

हिशोब करून पाहा. डब्यात १० गमीज, प्रत्येकीत १० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण टीएचसी १०० मिलिग्रॅम. पण डब्यातला ऐवज ४० ग्रॅम भरला तर कायद्याच्या लेखी ४० ग्रॅम. ४ ते ४०० ग्रॅम म्हणजे सेकंड डिग्री फेलनी, २ ते २० वर्षं. तेवढ्याच वजनाचं सुकं फूल असतं तर क्लास बी. कॉलेजला निघालेल्या मुलाला 'गोळ्याच तर आहेत' असं वाटतं, आणि गोळ्याच जास्त महागात पडतात.

विमानतळाविषयी: टीएसएवाले, म्हणजे विमानतळावरचे सुरक्षा तपासनीस, गांजा शोधायला उभे नसतात, पण सापडला की स्थानिक पोलिसांना बोलावतात. नेवार्कला पकडलं तर आणि डॅलसला पकडलं तर, दोन वेगळे कायदे. भारतात एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५. गांजाची 'अल्प मात्रा' १ किलोपर्यंत, तिलाही वर्षभरापर्यंत सक्तमजुरी. चरसाची अल्प मात्रा १०० ग्रॅम. मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवलं. बाहेरून देशात आणणं हा कलम २३ खाली आणखी वेगळा गुन्हा.

---

प्रेषक: सॅन होजेहून, इमिग्रेशन वकिली

दादांनी राज्याच्या पायऱ्या नीट मांडल्या. पण नागरिक नसलेल्या माणसासाठी राज्याचा कायदा हा अर्धाच भाग आहे. इमिग्रेशन चालतं फेडरल कायद्यावर, आणि तिथे १९७० पासून गांजा बंदीच्या यादीत आहे. वरच्या शेड्यूलमधून, म्हणजे त्या यादीतल्या कडक गटातून, खाली आणला तरी तो 'नियंत्रित पदार्थ' राहतोच, त्यामुळे व्हिसाचे प्रश्न जसेच्या तसे उरतात.

ग्रीन कार्डधारकांनी एक बारीक मेख समजून घ्यावी. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा बाळगल्याचं एकच कन्व्हिक्शन (कोर्टाने दोषी ठरवल्याची नोंद) असेल तर हद्दपारीच्या कलमात सूट आहे. हे ऐकून लोक निर्धास्त होतात. पण ही सूट अमेरिकेत असेपर्यंतची. लग्नाला पुण्याला जाऊन परत आलात की विमानतळावर तुम्ही नव्याने प्रवेश मागणारे ठरू शकता, आणि प्रवेशाच्या कलमात ती सूट नाही. तिथे वेव्हर, म्हणजे खास माफी, मागावा लागतो. म्हणून असं कन्व्हिक्शन असेल तर तिकीट काढण्याआधी वकील गाठा.

प्रवेश नाकारायला कन्व्हिक्शनचीही गरज नसते. गुन्ह्याचे घटक कबूल केले तरी पुरतं. अधिकाऱ्याने 'कधी घेतलाय का?' असं विचारल्यावर 'कॅलिफोर्नियात कायदेशीर आहे की' म्हणणं हे त्या कबुलीच्या दिशेने टाकलेलं पाऊल आहे. फोनमधले डिस्पेन्सरीचे (गांजाच्या परवानाधारक दुकानाचे) फोटो आणि पावत्याही विषय काढायला पुरतात. मात्र खोटं मुळीच बोलू नका, ते त्याहून मोठं संकट. वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं शांतपणे सांगता येतं. नागरिकत्वाच्या अर्जातही हेच आहे: इमिग्रेशन खात्याच्या एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शनानुसार डिस्पेन्सरीतली नोकरीसुद्धा 'चांगल्या वर्तना'च्या अटीत आड येऊ शकते.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. सरकारी वकील म्हणतो, 'गिल्टी म्हण, सहा महिने नेमून दिलेल्या वर्गांना जा, केस निघून जाईल.' राज्याच्या दप्तरी ती निघून जाते. इमिग्रेशनच्या व्याख्येत मात्र गिल्टी प्ली (गुन्ह्याची कबुली) अधिक कोणतंही बंधन म्हणजे कन्व्हिक्शन, नंतर केस काढून टाकली तरी. म्हणून आधी प्ली न घेणारं डायव्हर्जन (खटल्याऐवजी वर्ग किंवा उपचार) मागावं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पॅडिला खटल्यापासून, म्हणजे २०१० पासून, प्लीमुळे हद्दपारी होऊ शकते का हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तोंडाने विचारा, आणि लेखी उत्तर घ्या.

एक्स्पंजमेंटचंही तसंच. राज्याने नोंद पुसली तरी इमिग्रेशन खातं कागद मागतंच. पुसण्याआधी कोर्टाच्या निकालाच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. नंतर कोर्ट म्हणतं 'आमच्याकडे नोंदच नाही', आणि अर्ज तिथेच अडकतो.

---

प्रेषक: एडिसनहून, फार्मसी

आईवडिलांच्या औषधाबद्दल.

गांजाचं प्रिस्क्रिप्शन अमेरिकेत कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही. तो फक्त प्रमाणित करतो की रुग्णाला अमुक आजार आहे, मग राज्य कार्ड देतं. ग्रीन कार्डधारकासाठी हे कार्ड म्हणजे फेडरल कायदा मोडत असल्याचा स्वतःच्या नावाचा पुरावा. कॅन्सरसाठी न्यू जर्सीत ते मिळतं, पण मिळतं म्हणून काढावं असं नाही.

त्याऐवजी ऑन्कॉलॉजिस्टला ड्रोनाबिनॉलबद्दल विचारा. हा प्रयोगशाळेत बनवलेला टीएचसी, १९८५ पासून एफडीएमान्य, २.५, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये, नेहमीच्या औषधांनी केमोची मळमळ थांबत नसेल तेव्हा देतात. तो प्रिस्क्रिप्शनवर मिळतो, सगळ्या राज्यांत कायदेशीर आहे. इमिग्रेशनच्या प्रश्नाला उत्तर म्हणून बाटलीवरचं लेबल पुरतं. डोस डॉक्टरच ठरवतील, पण दोन गोष्टी घरच्यांनी सांगायलाच हव्यात. कॅप्सूलमध्ये तिळाचं तेल असतं, तिळाची ॲलर्जी असेल तर चालणार नाही. आणि वयस्कर माणसाला चक्कर येते, म्हणून पहिल्या डोसानंतर एकटं जिना चढू देऊ नये.

दुकानातलं सीबीडी (गांजाच्या झाडातलाच, नशा न आणणारा घटक) तेल निरुपद्रवी समजून देऊ नका. ते वॉरफरीन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. बाटलीवर 'टीएचसी नाही' लिहिलं म्हणून ते नसेलच, असंही नाही.

---

प्रेषक: कार्यकारिणी, न्यू जर्सी

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं. भारतात भांग एनडीपीएसमध्ये येत नाही, काही राज्यांत ठेक्यावर मिळते. मग कुणी सामानातून भांगेच्या गोळ्या आणल्या तर?

---

प्रेषक: सॅन होजेहून, इमिग्रेशन वकिली

ताई, भारतीय कायद्याने शेंडे वगळून नुसती पानं व्याख्येबाहेर ठेवली, म्हणून तिथे ती सुटते. अमेरिकेच्या व्याख्येत पानांसकट अख्खं झाड येतं. टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंतच असेल तरच हेम्प, म्हणजे नशा नसलेलं झाड, म्हणून सुटका, आणि वाण्याकडच्या गोळीला तसा प्रयोगशाळेचा दाखला नसतो. कस्टम्सला ती गांजाच दिसणार, आणि परदेशातून आणलेली म्हणजे आयात. मंडळाच्या कार्यक्रमात तर मुळीच नको. दुसऱ्याच्या पेल्यात ओतणं हे वाटप ठरतं, आणि ३० ग्रॅमची सूट वाटपाला लागू नाही.

---

प्रेषक: एडिसनहून, फार्मसी

थंडाईत खसखसही घालू नका. तिच्यामुळे लघवीच्या चाचणीत मॉर्फिन दिसू शकतं, आणि दुसऱ्याच दिवशी नोकरीची ड्रग टेस्ट असणारा कुणीतरी असतोच. बदाम, मगज, बडीशेप, मिरी, वेलदोडा, गुलाबपाकळ्या एवढ्यावर उत्तम होते. घट्टपणासाठी मगज थोडा जास्त घ्या.