‘फाटक काढणे’ म्हणजे नेमकं काय काढणे?

बर्डीवाला
एका अनुवादात अडकलोय. मेलबर्नमधल्या ग्लेन हंटली इथे रस्त्यावरच्या ट्रॅमचे रूळ आणि लोकलचे रूळ एकाच पातळीवर एकमेकांना छेदायचे. गाडी आली की ट्रॅम, मोटारी सगळं ठप्प. २०२३ मध्ये रेल्वेमार्ग जमिनीखाली खंदकात नेला. याला मराठीत काय म्हणू? बायको म्हणते, “फाटक काढलं, लिही ना सरळ.” लिहिलं. वाचून वाटलं, दांडा तेवढा उपटून नेला आणि रूळ तिथेच!

रूळकरी
वहिनी अर्ध्या बरोबर आहेत. ‘फाटक’ ही वस्तू, पण नागपुरात आपण जागेलाच फाटक म्हणतो. “फाटक लागलं होतं” म्हणजे गाडी जाईपर्यंत ताटकळलो. जिथे दांडाच नव्हता, तिथेही आपण ‘मानवरहित फाटक’ म्हणायचो. ब्रॉडगेजवरची ही मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली, त्यात काही ठिकाणी गेटमन नेमला. म्हणजे फाटक ‘संपवायला’ फाटक बसवलं, घ्या!

रेल्वेच्या पाट्यांवर ‘समपार’ असतं. हिंदीतला शब्द, अर्थ चोख: एकाच पातळीवरून पार. पण मराठी वाचकाला त्यात वडाचा पारच दिसणार.

‘क्रॉसिंग’ तर मुळीच नको. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी थांबलो तरी “क्रॉसिंग आहे”, रस्ता रुळावरून गेला तरी क्रॉसिंग, आणि आपल्याकडचं प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग म्हणजे रुळाला रूळ छेदणं. तुमचं ट्रॅमचं प्रकरण खरं तर या शेवटच्याचं भावंड. तिथे विजेचीही भानगड: मेलबर्नची ट्रॅम ६०० व्होल्टवर, लोकल १५०० वर. दोन्हींच्या तारा वर एकाच जागी यायच्या. ‘फाटक’ शब्दात यातलं काहीच मावत नाही.

खर्राबंद
काहून एवढा त्रास करून राहिले बाप्पा? फाटक गेलं, पूल आला. झालं.

रूळकरी
पूल आला हेही सोपं नाही राजेहो. आपला लोहापूल रेल्वेचा, रस्त्याने आपण त्याच्या खालून जातो. नरेंद्रनगरला पावसात पाणी तुंबलं की पेपरात ‘आरयूबी’ (रोड अंडर ब्रिज) छापतात, आपण अंडरब्रिज म्हणतो. ‘भुयारी मार्ग’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पायी जायचं भुयार येतं.

शुद्धलेखनवाली
रस्ता आणि रूळ वेगवेगळ्या पातळ्यांवर नेणं म्हणजे इंग्रजीत ‘ग्रेड सेपरेशन’. त्याचं ‘श्रेणी विभाजन’ केलेलं मी एका अहवालात वाचलंय. दहावीचा निकाल वाटला! इथे ग्रेड म्हणजे पातळी. गड्डीगोदामला रस्त्याच्या वरून रेल्वे, तिच्या वरून उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे, ते बघून या म्हणजे अर्थ कळेल. ‘विलगीकरण’ मात्र नको, करोना आठवतो. आणि बर्डीवाले, मुंबईची जुनी माणसं ‘ट्राम’ लिहीत. १९६४ मध्ये ती बंद पडली, पुढच्यांनी ‘ट्रॅम’ केलं. एकच काय ते ठेवा.

बर्डीवाला
ट्रॅमच ठेवतो. नाम शोधणं सोडलं, क्रियापदावर भागवलं: “ट्रॅम आणि रेल्वे एकाच पातळीवर एकमेकींना छेदत होत्या, रेल्वे खाली घेतली.” दोन शब्दांचं काम अकरा शब्दांत झालं. बायको अजून फाटकच म्हणते.