शाईचित्रात धुकं जमत नाही. कागद चुकतोय की पाणी?

पांढरकवडा_रेषा
नमस्कार मंडळी. ताओ (निसर्गाच्या वाटेनं चालण्याचा जुना चिनी विचार) यातून आलेल्या चिनी शाईचित्रांचा सराव चालू आहे. ड्रॉइंग शीट, बाटलीतली वॉटरप्रूफ काळी शाई, इकडे तापमान ४४ अंश. डोंगराच्या पायथ्याचं धुकं काढताना पाण्याची कड काळी उमटते. वरून पांढरा पोस्टर कलर दिला तर चुना फासल्यासारखा दिसतो. काय बदलू?

काजळी
दादा, आधी शाई बदला. वॉटरप्रूफ शाईत बहुधा लाख असते. ती पसरत नाही आणि कुंचलाही धरून बसते. काजळी आणि सरसाची बनवलेली शाईची कांडी घ्या. सहाणेवर चंदन उगाळतो तशी, थोड्याच पाण्यात, हलक्या हातानं १०-१५ मिनिटं. बोअरचं पाणी नको, क्षारांनी काजळीच्या गुठळ्या होतात. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी चालतं. झाल्यावर कांडी पुसून ठेवा, नाहीतर दगडाला चिकटते. उन्हाळ्यात उगाळलेली शाई रात्रभर ठेवली की सरस कुजतो, वास येतो, कड दाणेदार होते. काही चित्रकार तीच कड मुद्दाम वापरतात, पण धुक्याला ताजीच हवी.

घोंगडी_खाली
आणि ड्रॉइंग शीट सोडा. तिला खळ असते, शाई वरच राहते, पाणी कडेला सुकतं तिथे काजळी साचते. चीनच्या आनहुई प्रांतातला कच्चा, म्हणजे शाई शोषणारा, शुआन कागद मागवा. पक्का नको, त्याला तुरटी-सरस असतो, तो बारीक रेषेसाठी. खाली घोंगडी अंथरा. कुलर बंद. कागदाच्या मागून पाण्याचा फवारा मारा, पाण्याची चमक गेली की लगेच फिकट शाई. चमक असताना टाकली तर शाई भलतीकडे धावते, कोरड्यावर टाकली तर कड येते. या उन्हात मधली वेळ फार थोडी मिळते, म्हणून फिकट शाई वाटीत आधीच तयार हवी.

पांढरकवडा_रेषा
आणि पांढरं?

काजळी
लावायचंच नाही, राखायचं. ताओ विचाराचा मूळ ग्रंथ ‘ताओ ते चिंग’, त्याच्या ११व्या प्रकरणात चाकाचे तीस आरे आहेत, पण उपयोग तुंब्यातल्या पोकळीचा. आपल्या बंडीचंही तेच, भोक नसेल तर आस बसेल कुठे? म्हणून धुक्याची जागा आधी ठरवा, तिथे नुसतं पाणी, आणि शाई बाहेरून आत येऊ द्या. पांढऱ्या रेघा हव्या असतील तर चित्रकार लिऊ क्वो-सुंग यांची रीत बघा: जाड तंतूंच्या कागदावर शाई लावून नंतर तंतू ओढून काढायचे, खालचा कोरा कागद उघडा पडतो. तुम्ही करताना पूर्ण सुकल्यावरच चिमट्यानं, आडवं ओढा. ओलं असताना ओढलं तर कागदही सोबत येतो.