खेड्यातल्या पोरांना कोरोनात डिप्रेशन नव्हतंच म्हणे?

कास्तकार_यवतमाळ: कोरोनात कॉलेजं बंद झाली, पोट्टे गावी आले, तण काढायच्या डवऱ्यामागं चालले. अंग मोडलं की झोप येते. डिप्रेशन शहरातल्या बंद खोल्यांचं, आपल्याकडं उगाच आणू नका.

धुऱ्यावरची_बोर: भाऊ, याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. नैराश्यातही झोप लागते, पण पहाटे तीनला डोळा उघडतो आणि परत लागत नाही. घरचे म्हणतात, पोरगं सुधारलं, कोंबड्याआधी उठते! ताट तसंच सरकवणं, दोस्तांचे फोन न उचलणं, पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचणं, हे दोन आठवडे जवळपास रोज चाललं की तो आळस नसतो. डवरणीनं तो आजार झाकला जातो.

सेमिस्टर_सहा: दोघंही परीक्षा विसरले. राज्य म्हणे अंतिम वर्षाची परीक्षा नको, ६ जुलै २०२० ला यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणे सप्टेंबरअखेर घ्याच, सुप्रीम कोर्टाचा निकाल २८ ऑगस्टला. तोवर पोरानं अभ्यास करायचा की कामधंदा पाहायचा? त्यात तासभराच्या व्हिडिओ लेक्चरमध्ये रोजच्या दीड जीबी डेटातला मोठा वाटा जाते. तेच ३२ केबीपीएसच्या ऑडिओत १५ एमबीत बसते. कोणी पाठवलं?

कास्तकार_यवतमाळ: रेंज नाही म्हणून आजार? टाकीवर चढून रेंज शोधणारे पोट्टे पासही झाले.

सेमिस्टर_सहा: पास झाले म्हणजे बरे होते, हा हिशेब कुठला? लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते. ऑनलाइन पेपरात एमसीक्यूचं, म्हणजे पर्यायवाल्या प्रश्नांचं, पान अडकते, घड्याळ थांबत नाही. दर पेपरला तीच धडधड. बोलायला सोपं आहे तुम्हाला!

धुऱ्यावरची_बोर: टॉवरवरच भांडाल तर मदतीचं राहून जाईल. सप्टेंबर २०२० मध्ये मानसिक आरोग्यासाठी सरकारची किरण हेल्पलाइन आली, पण दोन खोल्यांच्या घरात बाप समोर असताना पोरगी काय बोलणार? आता त्याच कामाची सरकारी फोनसेवा टेलिमानस आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही. रेंज असेल त्या वावरातून लावा. जिल्हा रुग्णालयात दाखवा. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. तिथंच गोळ्या सुटतात. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

कास्तकार_यवतमाळ: पहाटे जाग येण्याचं पटलं, तेवढंच. कामानं मन रमते, हे मी सोडणार नाही.

धुऱ्यावरची_बोर: सोडू नका, अंगमेहनतीचा उपयोग होतोच. पण पोराला सरळ विचारा, ‘मरावंसं वाटते का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि फवारणीचं औषध आजच कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. मरायचा तो झटका पुष्कळदा काही मिनिटांचाच असते.